मुनेश्वर उजव्या हाताला

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो सायकलच्या पंपाच्या आवाजाने. मशिदीची बांग, दूधवाल्या लक्ष्मम्माची हाक, आईच्या चुलीवरच्या तव्याचा आवाज हे सगळं नंतर. आधी अंगणात फुस्स, फुस्स, आणि मग अप्पांचं समाधानाने खाकरणं. अप्पा म्हणजे माझे वडील. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरी पायी जाण्याइतकी जवळ होती. तरी रोज पहाटे ते आपल्या जुन्या रेसिंग सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरत, अंगठ्याने टायर दाबून बघत, आणि सायकल पुन्हा भिंतीला टेकवून आंघोळीला जात. त्या सायकलला ब्रेक नव्हते, घंटी नव्हती, मडगार्ड नव्हतं. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच, मध्ये विश्रांती नाही, अशी तिची रचना. ती रस्त्यावर चालवायची सायकलच नव्हती, ती फक्त ट्रॅकची. आणि ट्रॅक तर केव्हाचा बंद पडला होता. आई म्हणायची, "न्यायचं कुठं नाही, पण हवा मात्र रोज भरायची. असलं व्रत कुठल्या पोथीत आहे ते तरी सांगा." अप्पा हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फुस्स, फुस्स.

आम्ही बेंगळूरचे मराठी. कुठल्याशा लष्कराबरोबर पूर्वज इकडे आले आणि तीनशे वर्षं परत जायचं विसरले. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून तोंडाला पदर लावत. आम्हीही त्यांच्या पाठीमागे त्यांच्या आमटीला हसत असू, म्हणजे फिटंफाट. घरात 'जरा थांब'ऐवजी 'स्वल्प थांब' आणि 'बरं, येते'ऐवजी 'सरी, येते' हे इतकं सरसकट होतं की हे शब्द कन्नड आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळलं. पौष महिन्यात सगळ्या घराला अवऱ्याचा वास यायचा. अवऱ्याच्या शेंगा म्हणजे आमच्याकडचे वाल, पण त्यांना वाल म्हटलं तर बेंगळूरचा माणूस दुखावतो. त्या सोलायला घरातल्या सगळ्या बायका अंगणात बसत, दाणे भिजवून एकेक चिमटीत दाबत, सालीतून दाणा टप्पकन परातीत उडे. त्या टपटपीवर अक्काची गोष्ट चाले. आज माझ्या जे. पी. नगरच्या घरी सोललेले दाणे पिशवीतून येतात. चव तीच आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते, पण आवाज गेला.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. फार लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि आईवेगळ्या धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. उंच, काळीसावळी, नऊवारीचा कासोटा घट्ट खोचलेला, आणि बोलणं असं की समोरच्याने आधी ऐकावं आणि मग चिडायचं की नाही ते ठरवावं. तिला दोनच गोष्टींचं वेड होतं. एक म्हणजे सारवण. आमच्या अंगणात तिच्या हाताची अर्धगोल बोटं उठलेली असत आणि त्यावरून कोणी ओल्या पायाने गेलं तर त्याची धडगत नव्हती. आणि दुसरा मुनेश्वर, आमच्याकडचा राखणदार देव.

हा मुनेश्वर ट्रॅकच्या मधोमध बसलेला होता. आमची गल्ली संपली की केरे, म्हणजे तळं, ज्यात पाणी फक्त पावसाळ्यात. तळ्यापलीकडे तो सायकलचा ट्रॅक. लांबट परातीसारखा आकार, दोन बाजू सरळ आणि दोन्ही टोकांना वळणावर उंच चढत गेलेले काठ, म्हणजे वेगातल्या सायकलने बाहेर न फेकलं जाता वर चढून वळावं. गोऱ्या सोल्जरांच्या करमणुकीसाठी तो बांधला असं जुनी माणसं सांगत. आधी मजुरांनी काम अडवलं, कारण मधोमध कडुलिंबाखाली मुनेश्वराचा दगड होता आणि तो हलवायला कोणी तयार होईना. शेवटी बांधकामावरच्या गोऱ्या साहेबाने हात टेकले आणि देवाला मध्ये ठेवून भोवती ट्रॅक फिरवला. पुढे सोल्जरांबरोबर पेठेतली पोरंही शर्यतीत उतरू लागली आणि मग जिंकूही लागली. अप्पा त्यांतलेच. त्यांच्या तरुणपणी रविवारी दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. अक्का डब्यात चित्रान्न, म्हणजे आमचा फोडणीचा लिंबूभात, घेऊन काठावर बसे, आणि भाऊ पहिला आला तरी घरी येताना भांडे. कारण सायकलच्या शर्यती जगभर डावीकडे वळत धावतात. म्हणजे देव सतत डाव्या हाताला. "उलटी प्रदक्षिणा घालून कुणाचं भलं झालंय पांडू?" ती विचारी. अप्पांचं म्हणणं, "भलं झालं की. कप मिळाला बघ." तो कप आमच्या देवघरात होता. भांडण केलं तरी तो तिनेच तिथे ठेवला होता.

मग लढाई आली. ट्रॅकवर मिलिटरीचे ट्रक उभे राहिले. लढाई संपली, ट्रक गेले, सोल्जरही गेले. काठांच्या विटा एकेक करून लोकांच्या घरी गेल्या. आमच्या न्हाणीघराच्या पायरीतही त्यातल्या असाव्यात असा मला संशय आहे, पण घरात हा विषय कोणी काढत नसे. वळणांवर शेळ्या चरू लागल्या. धोब्यांनी उतारावर चादरी वाळत घातल्या. मला कळायला लागलं तेव्हा तो ट्रॅक असा होता, आणि अशाच त्या ट्रॅकवर मी सायकल शिकले.

मुलीने सायकल चालवायची म्हणताच आईने कपाळाला हात लावला. परवानगी दिली ती अक्काने, आणि ती का दिली हे मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित भावाची सायकल नुसती भिंतीला टेकून राहते हे तिलाही बघवत नसेल. तिने अट मात्र घातली. "चालव. पण मुनेश्वर उजव्या हाताला ठेवायचा. डावं घातलंस तर माझ्यासारखी वाईट कोण नाही, समजून ठेव." मी कबूल केलं. उजाडताना, रस्त्यावर वर्दळ व्हायच्या आत, मी अप्पांची ती बिनब्रेकची सायकल घेऊन जायची आणि खड्डे चुकवत, शेळ्यांना हाकलत, देवाला उजव्या हाताला ठेवून गोल गोल फिरायची. वळणाचा काठ जिथे शाबूत होता तिथे वर चढायची. वर चढलं की पोटात जो गोळा येतो आणि खाली उतरताना जो सुटतो, त्याच्यासारखं सुख मला नंतर फार कमी गोष्टींत मिळालं. अप्पा कधी कधी काठावर उभे राहून बघत. हवा मात्र आता खरंच लागत होती, म्हणून आईचे टोमणेही थांबले.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास एके दिवशी ट्रॅकवर खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. जागा सपाट करून घरांच्या साइट, म्हणजे प्लॉट, पाडायचं सरकारात घाटत होतं. बेंगळूरच्या माणसाला 'साइट' हा शब्द ऐकला की तोंडाला पाणी सुटतं. तेव्हाही सुटायचं. आमच्या गल्लीतही पुष्कळांना सुटलं. अप्पा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. ताटावरून उठले आणि अंगणात जाऊन सायकलपाशी उभे राहिले. माझे वडील कचेरीत कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले, साहेबासमोर खाली बघणारे गृहस्थ. त्यांना आयुष्यात एकाच जागी मान वर करून उभं राहता आलं होतं, आणि ती जागा आता जाणार होती. हे मला त्या दिवशी त्यांच्या पाठीकडे बघून कळलं आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते रंगण्णांकडे गेले. रंगण्णा म्हणजे अप्पांचे जुने प्रतिस्पर्धी. पोट सुटलेले, आवाज देवळाच्या नगाऱ्यासारखा, सायकलच्या दुकानापेक्षा गप्पांचं दुकान मोठं. आपण अप्पांना कितीदा हरवलं याचा त्यांचा आकडा दरवर्षी वाढत असे. पण त्या दिवशी अप्पांना कन्नड रीतीने रावसाहेब म्हणत ते म्हणाले, "रायरे, चला. ट्रॅक गेला तर मी खोटं बोलायचं तरी कशाबद्दल?" दोघं मिळून ते काम ज्यांच्याकडे होतं त्या सरकारी इंजिनियरसाहेबांकडे गेले. साहेब सरळ माणूस होता. त्याने सांगितलं की वापरात नसलेली जागा वाचवायला माझ्याकडे कारण नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी बाहेरगावचे खेळाडू आणून नीट शर्यत करून दाखवा, मी स्वतः येतो. शर्यत झाली आणि ट्रॅक टिकला, तर हा ट्रॅक राहावा असं मी लिहीन. नाही टिकला तर सोमवारी रोलर येईल.

शर्यत ठरली. प्रश्न होता जमिनीचा. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं आणि परमिट देणारेच साइट पाडणार होते. रंगण्णांची पोरं आणि गल्लीतले पुरुष मिळून विटा बसवू लागले, काठ उभे केले, खड्डे भरले, पण वरचा थर कशाचा द्यायचा? आमच्या ओटीवर यावर बऱ्याच गंभीर चर्चा झाल्या. अक्का परातीत अवरे दाबत आतून ऐकत होती. शेवटी ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, "खळं कशानं करतात रे पांडू? वारुळाची माती आणि शेण. त्याच्यावर बैल फिरतात, तर तुमच्या चाकांना काय धाड भरलीय?"

पुरुष हसले, आणि मग रंगण्णांनी बैलगाडीची सोय केली. सोडून दिलेल्या वारुळांची माती शहराबाहेरच्या माळावरून आणायची ठरली. तो माळ म्हणजे आजचं जे. पी. नगर. तेव्हा तिथे रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं आणि कोल्हे होते. मी आज ज्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे, त्याच्या खालचीच माती त्या ट्रॅकवर गेली असेल, असं मी शेजाऱ्यांना बेधडक सांगते आणि त्यांना ते खोटं ठरवता येत नाही. अक्का गाडीबरोबर स्वतः गेली. प्रत्येक वारुळाला दूध वाहून, माफी मागून, मगच कुदळ मारू दिली. लक्ष्मम्माने शेण दिलं, आणि तिच्या साऱ्या गोतावळ्यानेही दिलं. मग आमच्या गल्लीतल्या बायका, मराठी, कन्नड, तमिळ, शिवाय दोन घरं सोडून राहणारी फातिमाबी, सगळ्या ट्रॅकवर उतरल्या. तसं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. सारवताना आपण जशा मागे मागे सरकतो, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही, तशा ओळीने त्या मागे सरकत होत्या आणि हात झपझप फिरत होते. अक्काने पहिल्याच दिवशी सगळ्यांची तोंडं एका दिशेला करून दिली होती. मुनेश्वर उजव्या हाताला. देवाच्या अंगणातलं काम, त्याला डाव्या हाताला ठेवून कसं करायचं? अप्पा तिथेच उभे होते. त्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. सायकली कुठल्या दिशेला धावतात हे त्यांना माहीत होतं, बायका कुठल्या दिशेला तोंड करून बसतात हे त्यांना दिसत होतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्या अख्ख्या गल्लीत कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

थरावर थर चढले. ट्रॅक तांबूस, गुळगुळीत आणि दगडासारखा टणक झाला. रंगण्णांनी फर्मान काढलं की शर्यतीच्या दिवसापर्यंत त्यावर एकही सायकल चढणार नाही. "मांडवात यायच्या आधी नवरी कुणी बघायची नसते," ते म्हणाले. अपवाद फक्त माझा, कारण मी वजनाने हलकी आणि अप्पांना रोजची खबर हवी असे. मी रोज सकाळी माझ्या नेहमीच्या रीतीने फेऱ्या मारायची आणि घरी येऊन सांगायची, "अप्पा, लोण्यासारखा झालाय." ते खरंच होतं. अप्पांचा चेहरा त्या दिवसांत दहा वर्षांनी तरुण दिसायचा.

शर्यतीचा रविवार उजाडला. आईने भल्या सकाळी चित्रान्नाची पातेली भरली, संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल, म्हणजे आमच्याकडचा तीळ, गूळ, खोबरं, दाण्यांचा मेळ, पुड्यांत बांधलं. मी नवी साडी नेसले होते. मैसूरहून, कोलारच्या खाणींकडून खेळाडू आले होते, आणि मद्रासचा चॅम्पियन आला होता, रेशमी बनियन घातलेला, सायकल खांद्यावर घेऊन चालणारा. माणसांनी काठ फुलून गेले. साहेब यायला अजून थोडा वेळ होता. तेवढ्यात चॅम्पियन सरावासाठी ट्रॅकवर उतरला, अर्थातच डावीकडे वळत.

पहिली फेरी हळू गेली. दुसऱ्या फेरीला त्याने वेग घेतला आणि वळणावर एक विचित्र आवाज यायला लागला. खर्र, खर्र. त्याच्या चाकामागे मातीच्या खपल्या उडू लागल्या. मग वळणाच्या वरच्या बाजूला त्याचं पुढचं चाक कशाला तरी अडखळलं, सायकल आडवी झाली आणि तो उतारावरून घसरत खाली आला. फारसं लागलं नाही, पण रेशमी बनियन शेणामातीत माखली. मैसूरचे दोघे उतरले, त्यांचंही तेच. प्रत्येक हाताच्या सारवणाची कड त्या दिशेने जाणाऱ्या चाकाला आडवी येत होती, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तशी. चॅम्पियन उठला आणि इंग्रजीत मोठ्याने म्हणाला की हा ट्रॅक नाही, हे अंगण आहे, मी अंगणात शर्यत करत नाही.

रंगण्णांचा आवाज प्रथमच खाली गेला. "रायरे," ते म्हणाले, "आटोपलं." अप्पांनी खाली वाकून एक खपली उचलली आणि हातात धरून नुसते बघत राहिले. त्या सगळ्या गर्दीत ते पुन्हा कचेरीतले अप्पा झाले होते, मान खाली. लोक कुजबुजू लागले. कोणीतरी म्हणालं, बायकांच्या हातचं काम, दुसरं काय होणार? अक्काने ते ऐकलं. ती काठावरून खाली आली, खपलीकडे बघितलं, ट्रॅककडे बघितलं, आणि अप्पांना म्हणाली, "अय्यो पांडू, ह्यांनी देवाला डाव्या हाताला घातलाय की."

"अक्का, आता ते सोड गं," अप्पा म्हणाले.

पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अप्पा, मी रोज फिरते ते लोण्यासारखं का लागतं?" मी म्हटलं. "मी दुसरीकडून फिरते म्हणून! ह्यांना उजवीकडून फिरायला सांगा."

जवळचे लोक हसले. चॅम्पियनला कोणीतरी ते इंग्रजीत सांगितलं तर तोही हसला. "नियमात नाही," एवढंच तो म्हणाला. वादात वेळ जात होता आणि साहेबाची गाडी कोणत्याही क्षणी आली असती. मी अप्पांची सायकल ओढून घेतली. साडीचा घोळ साखळीत जाणार हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते आलं अक्काच्या. "स्वल्प थांब," ती म्हणाली, आणि एवढ्या पुरुषांच्या गर्दीतून मला कडुलिंबाच्या बुंध्याआड ओढून, तिने माझ्या नव्या साडीचा कासोटा असा करकचून खोचला की मला श्वास घेता येईना. पदर कमरेला बांधला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा. चढ वरपर्यंत. दाखव त्यांना कुणाच्या हातचं आहे ते."

मी निघाले. मुनेश्वर उजव्या हाताला. पहिल्या सरळ बाजूला लोकांचं हसणं ऐकू येत होतं. वळण आलं तेव्हा मी नेहमीपेक्षा वर चढले, आणि खाली एक आवाज नाही, खर्र नाही, खपली नाही, नुसती टायरची बारीक सूं. दुसऱ्या फेरीला हसणं बंद झालं. तिसऱ्या फेरीला मी काठाच्या इतकी वर गेले की तिथे उभ्या माणसांनी पाय मागे घेतले. मला कोणाचा चेहरा दिसत नव्हता. फक्त अप्पा दिसले. त्यांनी हातातली खपली टाकून दिली होती आणि ते मान वर करून उभे होते. ते ओरडत होते, "वर! अजून वर!" माझ्या वडिलांचा इतका मोठा आवाज मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

चॅम्पियन रडीचा डाव खेळणारा नव्हता, एवढं त्याच्याबद्दल म्हटलंच पाहिजे. मी थांबायच्या आत तो सायकलवर बसून माझ्या मागे आला. आयुष्यभर डावीकडे वळलेलं त्याचं अंग उजवीकडे वळताना नव्या सुनेसारखं अवघडत होतं. पण जमीन गुळगुळीत लागते आहे हे त्याला एका वळणातच कळलं. खाली उतरल्यावर तो रंगण्णांना म्हणाला, "आम्ही सगळेच इथे सारखे अडाणी. मग शर्यत न्याय्यच होईल. फक्त सुरुवातीच्या फेऱ्यांना ह्या बाईंनी पुढे राहावं, आम्ही त्यांची रेघ धरतो." ह्या बाईंनी! मी अजून बी.ए.सुद्धा झाले नव्हते.

साहेब आले तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: कासोटा घातलेली एक मुलगी बिनब्रेकच्या सायकलवर पुढे आणि तिच्या मागे मद्रास, मैसूर, कोलारचे खेळाडू माळेसारखे, सगळे उजवीकडे वळणारे. ठरल्या फेऱ्या झाल्यावर मी वर काठाकडे सरकले आणि ते माझ्या खालून भन्नाट निघून गेले. शर्यत मैसूरच्या मुलाने जिंकली, चॅम्पियन दुसरा आला, आणि रंगण्णा त्या दिवसापासून असं सांगू लागले की उजवीकडून शर्यत घेण्याची कल्पना मुळात त्यांची. दिवसभरात तिथे शर्यतींवर शर्यती झाल्या. संध्याकाळी साहेबांनी वळणावर जाऊन, बूट काढून, तळहाताने जमीन चाचपली. एक खपली निघाली नव्हती, सकाळच्या सोडून.

"कुठल्या कंत्राटदाराने केलं हे?" त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी साहेबाच्या डोळ्यांत बघितलं. कचेरीत ज्यांनी कधी वर बघितलं नाही त्या माझ्या अप्पांनी. "कंत्राटदार नाही सर. माझी अक्का आहे," ते म्हणाले, आणि तिला हाताला धरून पुढे आणली. साहेब तिला वाकून नमस्कार करायला लागले तर ती म्हणाली, "मला कशाला? त्याला करा," आणि मुनेश्वराकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिथेही केला. मग आईने त्यांच्या हातावर एळ्ळु-बेल्ल ठेवलं आणि तीळगुळाबरोबर गोड बोलायची जी रीत आहे तिला जागून ते म्हणाले, "सोमवारी रोलर येणार नाही." अप्पा रडले. मीही. अक्का रडली नाही, ती पातेली रिकामी झाली का ते बघायला गेली.

ट्रॅक राहिला. साहेबांनी शब्द पाळला. पुढे सिमेंट मिळालं, वळणं पक्की झाली, रविवारी पुन्हा माणसं दाटू लागली. अप्पा निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी तिथे पोरांना शिकवायला जात, आणि घरातला पंप इतका झिजला की दोनदा बदलावा लागला. मी लग्न करून दुसऱ्या घरी गेले तरी सासूबाईंच्या डोळ्यांदेखत तिथे सायकल चालवत राहिले. त्यांनी पहिल्या वर्षी आक्षेप घेतला आणि दुसऱ्या वर्षी काठावर येऊन बसल्या.

आता भोवताली उंच इमारती आहेत, केऱ्याच्या जागी बसचा थांबा आहे, पण परात तिथेच आहे आणि मुनेश्वरही. त्याला छोटं देऊळ आणि लाल बल्ब मिळाला आहे. माझी नात रेणू एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याशा कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसते आणि रविवारी तिथे शर्यतीत उतरते. यंदा संक्रांतीच्या शर्यतीला तिने मला काठावर खुर्ची टाकून बसवलं. डोक्याला रंगीत हेल्मेटं, अंगाला चिकटलेले कपडे, आणि सायकली अशा की बोटाने उचलाव्यात. शिट्टी झाली आणि सगळे निघाले, उजवीकडे. मुनेश्वर उजव्या हाताला ठेवून एक पूर्ण फेरी झाली. मग सगळे थांबले, वळले, आणि खरी शर्यत जगाच्या रीतीने डावीकडे सुरू झाली. सिमेंटला काय, कुठूनही जा, सारखंच.

संध्याकाळी मी रेणूला मुद्दाम विचारलं, "ती पहिली फेरी उलटी का गं?" तिने ही गोष्ट माझ्याकडून कधी ऐकली नव्हती. मी घरात फारशी बढाई मारत नाही, असं माझं मत आहे. ती म्हणाली, "काय माहीत आजी. मीपण विचारलं होतं कोचला. तो म्हणाला, इथला नियम आहे."

नियम! चॅम्पियन ज्याला नियमात नाही म्हणून हसला होता, तो आता नियम झाला. मी हसत सुटले, रेणू घाबरून पाणी आणायला धावली, आणि मला अक्काचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला: नियम आधीपासूनच होता गं, ह्यांना कळायला उशीर झाला.